कल्चर: नेमकं काय वाढतंय?

शिरपूरहून तुम्ही विचारलंय की भाषांतराची कामं नुकतीच घ्यायला लागलात आणि एकाच आठवड्यात तीन कागदांत ‘कल्चर’ हा शब्द आडवा आला. केळीच्या रोपवाटिकेचं माहितीपत्रक, लॅबचा रिपोर्ट आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याची कामगारांसाठीची पुस्तिका. मोबाइलवरच्या भाषांतरयंत्राने तिन्ही ठिकाणी ‘संस्कृती’ बसवली: ऊतक संस्कृती, लघवी संस्कृती, सुरक्षा संस्कृती. हे चुकलंय एवढं कळतं, पण बरोबर काय ते सुचत नाही. एका शब्दाला इतके अर्थ कसे, आणि मराठीत त्या सगळ्यांना पुरून उरेल असा एक शब्द का नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

जळगावात राहून मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त शेतीची आणि दवाखान्याची, त्यामुळे या शब्दाशी माझी गाठ जवळजवळ रोज पडते. उत्तर लांबणार आहे, म्हणून कामाची गोष्ट आधीच सांगते. ‘कल्चर’ दिसला की कोशात नाम शोधायला जाऊ नका. आधी विचारा, इथे कोण, काय, कशात वाढवतंय? त्याचं क्रियापद मराठीत सापडलं की शब्द हाती येतो. मी हे शिकले ते एका चुकीतून.

सुरुवातीच्या वर्षांत एका लॅबसाठी रिपोर्टावर छापायच्या मराठी ओळी मी लिहून दिल्या होत्या. ब्लड कल्चरमध्ये जिथे ‘नो ग्रोथ’ येतं, तिथे मी लिहिलं, ‘४८ तासांनंतर वाढ आढळली नाही.’ महिनाभराने तिथल्या टेक्निशियन ताईंचा फोन आला. यावल तालुक्यातून आलेली एक आई काउंटरपाशी कागद धरून रडत उभी होती. पाच महिन्यांचं बाळ तापाने अ‍ॅडमिट होतं, आणि तिने वाचलं होतं की बाळाची वाढ थांबली. खरं तर तिच्यासाठी ती दिलाशाची बातमी होती: बाळाच्या रक्तात जंतू सापडले नव्हते. माझं वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं. त्यात ‘कशाची’ हा एक शब्द नव्हता. तेव्हापासून मी लिहिते, ‘रक्ताचा नमुना ४८ तास ठेवून पाहिला, त्यात जंतू वाढले नाहीत.’ इंग्रजीत दोन शब्द, मराठीत दहा झाले तरी चालतील. त्या बाईने ते वाक्य एकटीने, कुणालाही न विचारता वाचायचं असतं.

त्याच रिपोर्टात खाली औषधांची यादी येते. जंतू वाढला की त्याच्यावर वेगवेगळी अँटिबायोटिक्स लावून बघतात आणि प्रत्येकापुढे ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘रेझिस्टंट’ असा शेरा पडतो. हा शेरा जंतूबद्दलचा असतो, पेशंटबद्दलचा नसतो. तिथे ‘संवेदनशील’ लिहिलंत तर पेशंटला वाटतं, मला या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, आणि जे औषध लागू पडणार तेच घ्यायला तो नकार देतो. आपल्या भाषेत यासाठी अगदी नेमकं बोलणं आहे. रेझिस्टंटला ‘हा जंतू या औषधाला दाद देत नाही’ आणि सेन्सिटिव्हला ‘हे औषध या जंतूवर लागू पडतं’. तुमच्याकडच्या रिपोर्टातली ओळ मी अशी लिहीन: ‘युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट अजून यायचा आहे.’ ‘वाढवून’ हा शब्द असला की दोन-तीन दिवस का लागतात तेही वाचणाऱ्याला आपोआप कळतं. बाकीचे रिपोर्ट संध्याकाळी मिळतात आणि हाच का अडलाय, म्हणून काउंटरवर होणारी निम्मी भांडणं त्या एका शब्दाने टळतात. आणि ‘युरिन कल्चर’ हे शब्द काढून टाकू नका. डॉक्टर तेच बोलतात, चिठ्ठीवर तेच असतं, पेशंटलाही तेच ऐकून माहीत असतं.

आता मुळाकडे येऊ. लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ असं एक क्रियापद होतं. त्याचे अर्थ जमीन कसणे, निगा राखणे, वस्ती करून राहणे आणि देवाची पूजा करणे. वस्तीच्या अर्थापासून ‘कॉलनी’ निघाली, पूजेच्या अर्थापासून ‘कल्ट’, आणि कसण्याच्या अर्थापासून ‘कल्चर’. ‘अ‍ॅग्रिकल्चर’मध्ये ते जुनं शेत अजून जसंच्या तसं आहे. इंग्रजीत पंधराव्या शतकात हा शब्द आला तोही जमिनीच्या मशागतीच्या अर्थाने. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सिसेरो या रोमन वक्त्याने तो मनाला लावला होता. शेत कितीही सुपीक असो, कसल्याशिवाय पिकत नाही, तसंच शिक्षणावाचून मनाचं, असा त्याचा मुद्दा होता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता, कारण मराठीत आपण हुबेहूब हेच म्हणतो: मनाची मशागत. सिसेरो न वाचताच म्हणतो. ‘मशागत’ हा शब्द मूळ अरबी, ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट, यावरून आपल्याकडे आला. खान्देशात रब्बीचं पीक निघालं की नांगरट होते, ढेकळं उन्हात तापतात, मग वखराच्या पाळ्या घालून जमीन पेरणीला तयार होते. ज्याने हे वैशाखाच्या उन्हात केलंय त्याला ‘कल्चर’चा पहिला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे काय झालं, तर इंग्रजीने हा एकच शब्द सगळीकडे नेला. शेतातून मनाकडे, मनातून कलांकडे, तिथून एखाद्या समाजाच्या सगळ्या राहणीकडे, आणि एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेतल्या जंतूंकडे. खोड एकच राहिलं आणि फांद्या लांब गेल्या. मराठीत तसं झालं नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक कामाला आधीपासूनच वेगळं क्रियापद होतं. जमीन कसतात, जनावर पाळतात, पीक घेतात, रोप जोपासतात, दूध विरजतात. म्हणून एपिकल्चर म्हणजे मधमाशीपालन, सेरिकल्चर म्हणजे रेशीमशेती, फ्लोरिकल्चर म्हणजे फुलशेती, सिल्व्हिकल्चर म्हणजे वनसंवर्धन, तळ्यातलं फिशकल्चर म्हणजे मत्स्यसंवर्धन. इथे कुणी ‘मधमाशी संस्कृती’ लिहीत नाही, कारण हे शब्द काम करणाऱ्यांनी केले. एकच शब्द नसणं ही आपली गरिबी आहे असं तुमच्या प्रश्नात कुठेतरी वाटतंय. मला तसं अजिबात वाटत नाही.

केळीवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण तुमचा पहिला कागद तिथला आहे आणि चुकीची किंमत सगळ्यात जास्त तिथेच मोजावी लागते.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात पूर्वी केळी कंदांपासून लावली जायची. जुन्या बागेतले कंद काढायचे, साफ करायचे, नव्या शेतात लावायचे. त्या कंदाबरोबर सोंड्या नावाची कीड, सूत्रकृमी आणि विषाणूही नव्या शेतात जायचे. शिवाय कंद लहान-मोठे असल्यामुळे बाग एकसारखी निसवत नसे, म्हणजे घड एकाच वेळी बाहेर पडत नसत, आणि कटाई कितीतरी महिने चालायची. १९९० च्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैन या वाणाची टिश्यू कल्चर रोपं इथे रुजवली आणि चित्र बदललं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर टिश्यूची लागवड घराघरातला विषय झाली होती.

टिश्यू कल्चरची लॅब मी आतून पाहिली, आणि ती पाहिल्यावरच मला हे शब्द नीट लिहिता यायला लागले. जमलं तर तुम्हीही जाऊन या. काचेच्या भिंतीमागे मुली ओळीने बसलेल्या असतात, तोंडावर मास्क, समोर गाळलेल्या हवेचा झोत. निरोगी झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलाचा आतला कोंब सोलत सोलत अगदी नखाएवढा करतात. तो निर्जंतुक करून बाटलीतल्या पारदर्शक खळीवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर, ठेवतात. काही आठवड्यांत त्याला बारीक फुटवे फुटतात. मुलगी चिमटा आणि पातं ज्योतीवर धरते, गार होऊ देते, फुटव्यांचा गड्डा कापून वेगळा करते आणि एकेक तुकडा नव्या बाटलीत ठेवते. पुन्हा काही आठवडे, पुन्हा कापणी. शेवटी मुळं फुटलेली रोपं बाहेर काढून आधी ट्रेमध्ये, मग काळ्या पिशवीत, शेडनेटखाली उन्हावाऱ्याची सवय लावतात. त्याला सगळे ‘हार्डनिंग’च म्हणतात, तुम्हीही तेच लिहा. वनस्पतीच्या सुट्या पेशींपासून अख्खं झाड वाढवता येईल ही कल्पना ऑस्ट्रियाच्या गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली होती, आणि बाटलीतल्या त्या खळीची जी कृती आजही जगभर वापरतात ती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींवर काम करताना बसवली.

विद्यापीठांच्या कागदांत याला ‘ऊतिसंवर्धन’ म्हणतात आणि रोपांना ‘ऊतिसंवर्धित रोपे’. शब्द चांगला घडवलेला आहे, ‘संवर्धन’ अगदी जागेवर आहे. पण शेतकऱ्याच्या तोंडी तो नाही. मी लिहिलेलं एक पत्रक चोपड्याकडच्या एका शेतकरीदादांना वाचायला दिलं तेव्हा त्यांनी तिथेच बोट ठेवलं: ‘ताई, ऊती म्हंजे काय शे?’ मी सांगितल्यावर म्हणाले, ‘मंग टिश्यू म्हना ना. मी बी यंदा टिश्यू लायेल शे.’ तेव्हापासून माझा नियम ठरला. विद्यापीठासाठी लिहायचं असेल तर ऊतिसंवर्धित. शेतकऱ्यासाठी लिहायचं असेल तर ‘टिश्यू कल्चर रोपं’, आणि पहिल्यांदा येईल तिथे एकदाच सांगायचं की केळीच्या कोंबापासून लॅबमध्ये वाढवलेली रोपं.

याच पत्रकांत एक शब्द आहे ज्याच्यापुढे कल्चर काहीच नाही: ‘डिसीज-फ्री’. याचं भाषांतर सर्रास ‘रोगमुक्त’ होतं आणि वाचणारा त्याचा अर्थ घेतो की या रोपांना रोग होणार नाही. खरा अर्थ इतकाच आहे की लॅबमधून निघताना रोपात रोग नव्हता, आणि तोही मातृवृक्षाची विषाणूसाठी तपासणी झाली असेल तरच. मूळ झाडातच विषाणू असेल तर त्या एका झाडापासून झालेली सगळी रोपं तो घेऊनच बाहेर पडतात. आणि स्वच्छ रोप शेतात लावल्यावर मावा येऊन बसला की कुकुंबर मोझॅक विषाणू, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो लागायचा तो लागतोच. हजारो रोपांचे पैसे भरलेला माणूस ‘रोगमुक्त’ वाचून निर्धास्त राहतो, मावा बघत नाही, बांधावरच्या तणाकडे आणि शेजारच्या काकडीवर्गीय पिकाकडे लक्ष देत नाही. म्हणून मी लिहिते, ‘विषाणूची तपासणी करून घेतलेली रोपं. लागवडीनंतर रोग लागू नये म्हणून काळजी घ्यावीच लागते.’ रोपवाटिकेवाल्यांना दुसरं वाक्य आवडत नाही. मी ते काढत नाही. तुमच्या पत्रकातही अशी जागा असणार, ती आधी शोधा.

शेतातलं दुसरं कल्चर म्हणजे बियाण्याला लावायचं. ‘हरभऱ्याला कल्चर लावलं का?’ असं दुकानात विचारतात ते रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट. याचा मराठी शब्द ‘जिवाणू संवर्धक’, आणि हा कृषी विद्यापीठांनी खरोखर रुळवलाय, पाकिटावरही असतो. साधारण २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या गार केलेल्या पाण्यात कालवून, हलक्या हाताने चोळून, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. इथे भाषांतरात क्रम सांभाळावा लागतो. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, संवर्धक सगळ्यात शेवटी. इंग्रजी वाक्यात ‘आफ्टर’ मध्येच येतो आणि मराठीत तो उलटा पडू शकतो. उलटा पडला तर जिवंत जिवाणूंवर औषध बसतं, मुळांवर गाठी धरत नाहीत, आणि शेतकरी म्हणतो कल्चरमध्ये काही दम नाही. हरभऱ्याचं पाकीट मूग-उडदाला चालत नाही, हेही वेगळ्या ओळीत, ठळक लिहा.

दह्यातलं कल्चर म्हणजे विरजण. यात वाद नाही. डेअरीच्या कागदात ‘स्टार्टर कल्चर’ असेल तर विरजणच लिहा. डब्यावर ‘लाइव्ह कल्चर्स’ असेल तर ‘दह्याचे जिवंत जिवाणू असलेलं’, कारण ‘जिवंत विरजण’ कानाला विचित्र लागतं. आपल्या आज्यांनी कोमट दुधात बोट बुडवून अंदाज घेत जे केलं, तेच लॅबवाले ठरावीक तापमानाच्या पेटीत करतात. आणि स्वयंपाकघराचा लॅबशी संबंध नुसता उपमेपुरता नाही. जंतू वाढवायला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत आधी बटाट्याचे काप आणि जिलेटिन वापरत. जिलेटिन उबेत पातळ व्हायचं. तिथे काम करणाऱ्या एका डॉक्टरांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली करताना अगार हा समुद्रशेवाळापासून मिळणारा घट्ट करणारा पदार्थ वापरायच्या, त्यांनी १८८१ च्या सुमाराला तो सुचवला, आणि १८८२ साली क्षयाचा जंतू जगासमोर आला तेव्हा तो अगार कोख यांच्या कामात येऊन पोचला होता. बाटलीत केळीचा कोंब ज्या खळीवर ठेवतात तिला घट्टपणा यायलाही बहुधा तोच अगार असतो.

जळगावच्या सराफ बाजारात ‘कल्चर मोती’ म्हणतात, म्हणजे शिंपल्यात बाहेरून कण घालून वाढवलेला. तो शब्द तसाच ठेवा.

आता ‘संस्कृती’. यंत्राला हाच एक शब्द का माहीत, तर कोशात तो पहिला आहे. संस्कृती म्हणजे सम् आणि कृ, नीटनेटकं करणं, घडवणं. शब्द जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना ‘आत्मसंस्कृती’ म्हटलंय, कलांनी माणूस स्वतःला घडवतो अशा अर्थाने. पण इंग्रजी कल्चरचा पर्याय म्हणून त्याचं आयुष्य तसं अलीकडचं. आणि यात मराठीचा वाटा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. बंगालीत कल्चरला ‘कृष्टी’ हा शब्द चालवला होता, कृष् म्हणजे नांगरणे या धातूवरून. लॅटिनच्या हिशेबाने अगदी बिनचूक. रवींद्रनाथ ठाकुरांना तो मुळीच आवडला नाही. सुनीतिकुमार चटर्जी या भाषाशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय की १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी स्नेह्याकडून त्यांनी कल्चर या अर्थाने ‘संस्कृती’ ऐकला, मराठीत तो आधीपासून रुळलेला होता. त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि त्यांना तो पसंत पडला. पुढे आपल्या साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ साली मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर हा शब्द भारदस्त होऊन बसला होता.

त्याचा भारदस्तपणा हीच भाषांतरातली अडचण आहे. कृष्टीत माती होती. संस्कृतीत संस्कार आहे, आणि संस्कार म्हटलं की चांगलं-वाईट आलं, सुसंस्कृत आणि असंस्कृत आलं. इंग्रजीतही हा अर्थ आहे. मॅथ्यू अर्नोल्ड या इंग्रज कवी-समीक्षकाने १८६९ मध्ये कल्चर म्हणजे जगात जे उत्तमोत्तम विचारलं-बोललं गेलं त्याची ओळख, असं मांडलं. पण दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, एडवर्ड टायलर यांनी मानववंशशास्त्रासाठी वेगळी व्याख्या दिली: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती, माणूस समाजात राहून जे जे शिकतो ते सगळं मिळून. टायलर स्वतः समाजांच्या पायऱ्या मानायचे. ती उतरंड फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी मोडीत काढली आणि ‘कल्चर’चं अनेकवचन रूढ केलं. प्रत्येक समाजाची आपली एक, कुणाची वरची नाही, कुणाची खालची नाही. १९५२ साली क्रोबर आणि क्लकहोन या मानववंशशास्त्रज्ञांनी या शब्दाच्या व्याख्या गोळा केल्या तेव्हा १६४ भरल्या. मराठीत ‘संस्कृती’चं एकवचन आणि अनेकवचन दिसायला सारखंच, त्यामुळे बोआसचा अख्खा मुद्दा आपल्या वाक्यात हरवतो. मूळात अनेकवचन असेल तर ‘वेगवेगळ्या’ किंवा ‘आपापल्या’ हा शब्द स्वतःहून घाला.

मी हे एवढं का सांगते आहे? काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा अहवाल माझ्याकडे आला. त्यात धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांबद्दल ‘कल्चरली बॅकवर्ड’ असे शब्द होते. मराठीत ‘सांस्कृतिकदृष्ट्या मागासलेले’ लिहून मी मोकळी झाले असते. पण मी तिथल्या काठी गावची होळी पाहिलेली आहे. रात्रभर चालणारे ढोल, डोक्यावर मोरपिसांचे टोप, पहाटे उभा राहणारा उंच बांबू, आणि त्याआधी कितीतरी दिवस पाळलेली व्रतं. ज्यांच्याकडे हे आहे त्यांना मागासलेलं म्हणायला मी कुठल्या पायरीवर उभी आहे? संस्थेला फोन केला आणि विचारलं, नेमकं काय म्हणायचंय? तर म्हणायचं होतं की शाळा लांब आहे आणि मुली पाचवीनंतर घरी बसतात. मग तेच लिहिलं. खूपदा असं होतं. ‘कल्चर’ हा शब्द लेखकाने जिथे नीट विचार न करता टाकलेला असतो, तिथे त्याला विचारल्यावर खरं वाक्य बाहेर येतं.

पुरातत्त्वाचा अर्थ तर आणखी निराळा, आणि तो आपल्या तापीकाठचाच आहे. ‘सावळदा संस्कृती’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे ताम्रपाषाण काळातले लोक. साक्री तालुक्यातल्या कावठ्याला त्यांची वस्ती उकरून पाहिलेली आहे. पुरातत्त्वात कल्चर म्हणजे ठरावीक घाटाची भांडी, हत्यारं, घरं आणि पुरण्याची पद्धत, हे सगळं पुन्हापुन्हा एकत्र सापडणं. सावळद्याच्या मडक्यांवर काळ्या रंगात बाणाची टोकं आणि मासे काढलेले दिसतात. एका शाळेत यावर बोलताना एका मुलाने विचारलं होतं, ‘मग ते लोक सुसंस्कृत होते का?’ प्रश्न शब्दानेच पाडला होता. अशा मजकुरात ‘संस्कृती’ ठेवावीच लागते, कारण ते नाव झालंय, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे एकाच तऱ्हेची भांडी, हत्यारं आणि घरं वापरणाऱ्या वस्त्या’ असं जोडून द्या.

‘कल्चरल प्रोग्राम’ला सांस्कृतिक कार्यक्रम हे सगळ्यांना कळतं, ते बदलायचं कारण नाही. गावात मात्र वहीगायन, गोंधळ, भारूड, जे असेल त्याचं नाव लिहिलेलं केव्हाही चांगलं. पेपरात येणारी ‘व्हीआयपी संस्कृती’ आणि ‘बॅनर संस्कृती’ मला मनापासून खटकते. पहिल्यासाठी ‘बडेजाव’ आहे, दुसऱ्यासाठी ‘सुळसुळाट’ आहे. दोन्ही शब्द ठणठणीत आहेत आणि त्यांत नाराजी आपोआप येते.

राहिली कारखान्याची पुस्तिका. तुम्ही पाठवलेली ओळ आहे, ‘वुई हॅव अ स्ट्राँग कल्चर ऑफ सेफ्टी.’ इथे कोण काय वाढवतंय? सवय. रोज सांगून, टोकून, करून दाखवून अंगात मुरवलेली सवय. याला मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, ‘वळण’. वेलाला वळण लावतात, मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असतं, घराचं म्हणून एक वळण असतं. ‘तिच्या माहेरचं वळणच तसं’ असं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी घरी आल्या की बायका बोलतात, तेव्हा त्या टायलरचंच बोलत असतात. वर्क कल्चरला मी ‘कामाचं वळण’ लिहिते आणि आजवर कुणी अर्थ विचारलेला नाही.

तुमची ओळ मी दोन तऱ्हांनी लिहून इथल्याच एका कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या ओळखीच्या दादांना वाचून दाखवली. ‘आमच्याकडे सुरक्षिततेची भक्कम संस्कृती आहे’ यावर ते नुसते हं म्हणाले. ‘इथे सांभाळून काम करायचं सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय’ हे ऐकल्यावर म्हणाले, ‘सगळ्यांच्या नाही हो ताई. रात्रपाळीला संरक्षक जाळीचं गार्ड काढूनच मशीन चालवतात.’ तेव्हा कंपनीला ही ओळ पाठवताना हेही कळवा, आणि वाक्य खरं होत नसेल तर ‘पडलंय’ ऐवजी ‘पडायला हवं’ लिहू का, असं विचारून घ्या.